‘फाइन’ म्हणजे नेमके काय?



इंग्रजी भाषा आता आपल्या घरात पाहुणी म्हणून राहिलेली नाही. ती स्वयंपाकघरापर्यंत पोहोचली आहे. आजी-आजोबांचे शिक्षण मराठीतून झालेले, आई-वडिलांचे निम्मे मराठीतून व निम्मे इंग्रजीतून, आणि नातवंडांचे सर्वस्वी इंग्रजीतून, असे चित्र आपल्या प्रत्येक धर्मग्रामात दिसते. परिणामी एकच इंग्रजी शब्द घरातील तीन पिढ्या तीन निरनिराळ्या अर्थांनी वापरतात, आणि आपण एकमेकांना समजलो आहोत अशी प्रत्येकाची समजूत असते. अशा शब्दांपैकी एक अगदी साधा शब्द आम्ही आज विचारासाठी घेतला आहे. तो शब्द म्हणजे ‘फाइन’.

वाहतूक पोलीस ‘फाइन’ घेतो. सोनार ‘फाइन गोल्ड’ म्हणतो. क्रिकेटचा समालोचक चेंडू ‘फाइन लेग’कडे गेल्याचे सांगतो. डॉक्टर ‘फाइन नीडल’ची तपासणी लिहून देतात. बँकेच्या कर्जाचे कागद वाचताना ‘फाइन प्रिंट’ नीट पाहा, असा सल्ला मिळतो. दूरदेशी असलेल्या मुलाने फोनवरून विचारपूस केली की इकडून उत्तर जाते, “आय ॲम फाइन.” दंड, शुद्ध, जवळचा, बारीक, उत्तम आणि ठीक असे हे सारे अर्थ एका चिमुकल्या शब्दात कसे मावले? ते एकमेकांचे सोयरे आहेत, की केवळ योगायोगाने एकत्र आलेले शेजारी?

मूळ शब्द : ‘फिनिस’

हे सारे अर्थ एकाच कुळातील आहेत. त्यांचा मूळपुरुष म्हणजे ‘फिनिस’ हा लॅटिन शब्द. त्याचा अर्थ सीमा, हद्द, शेवट. आपल्यातील ज्या ज्येष्ठांनी लॅटिन मिस्सा ऐकली आहे, त्यांच्या कानांवरून हा शब्द अनेकदा गेलेला असेल. लॅटिन श्रद्धांगीकारात प्रभूच्या राज्याला अंत नाही असे म्हणताना हाच ‘फिनिस’ येतो.

लॅटिनमधील हा शब्द जुन्या फ्रेंच भाषेत ‘फिन्’ झाला आणि नॉर्मन विजेत्यांची फ्रेंच भाषा इंग्लंडच्या दरबारात व न्यायालयांत रुजल्यानंतर तो इंग्रजीत शिरला. येताना तो दोन वाटांनी आला. एक वाट नामाची होती. त्या वाटेने ‘शेवट’ हा अर्थ आला व पुढे त्याचा ‘दंड’ झाला. दुसरी वाट विशेषणाची. जे काम शेवटापर्यंत नेले, ज्यात आता काही करावयाचे उरले नाही, ते ‘फिन्’ म्हणजे पूर्णत्वास गेलेले, म्हणून उत्कृष्ट. अशा प्रकारे ‘दंड’ आणि ‘उत्तम’ हे परस्परांशी काहीही संबंध नसल्यासारखे वाटणारे अर्थ एकाच घरातून बाहेर पडले.

मूळचा ‘शेवट’ हा अर्थ अजूनही एका ठिकाणी जसाच्या तसा जिवंत आहे, तो म्हणजे संगीताच्या पुस्तकात. आपल्या गायकवृंदातील मुलांनी स्वरलिपीत ‘दा कापो अल फिने’ अशी इटालियन सूचना पाहिली असेल. ‘पुन्हा अगदी आरंभापासून गा आणि जेथे फिने लिहिले आहे तेथे थांबा’ असा तिचा अर्थ. हा शब्द लिहावयाचा इंग्रजी ‘फाइन’सारखाच, परंतु उच्चार ‘फिने’. तेथे ‘छान गा’ अशी सूचना नसून ‘थांबा’ अशी आज्ञा असते.

मिटलेला वाद आणि भरलेला दंड

शेवटाचा दंड कसा झाला, ही कथा मोठी रंजक आहे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये जमिनीचा वाद राजाच्या न्यायालयात तडजोडीने मिटला की त्याचा लेख तयार होई. त्याला ‘अंतिम समेट’ या अर्थाचे लॅटिन नाव होते, आणि बोलीभाषेत त्यालाच ‘फाइन’ म्हणत. वादाचा शेवट झाला, म्हणून तो फाइन. पुढे तर जमीन विकणारा आणि घेणारा आपापसांत नाममात्र दावा लावीत व लगेच समेट करून हा लेख मिळवीत. कारण न्यायालयाच्या नोंदीइतका भक्कम पुरावा दुसरा कोणता असणार? सातबारा आणि फेरफार यांचे मोल जाणणाऱ्या आपल्या शेतकरी बांधवांना ही युक्ती चटकन समजेल.

या इतिहासात एका धर्माधिकाऱ्याचे नाव आदराने घेतले जाते. कँटरबरीचे आर्चबिशप ह्यूबर्ट वॉल्टर हे त्या काळी राज्याचे प्रमुख न्यायाधिकारीही होते. पूर्वी या लेखाच्या दोनच प्रती निघत, दोन पक्षांना एकेक. इ.स. ११९५ पासून त्यांनी तिसरी प्रत राजाच्या खजिन्यात जपून ठेवण्याची पद्धत घालून दिली. एकाच चर्मपत्रावर मजकूर तीनदा लिहीत. दोन प्रती वर शेजारी-शेजारी आणि तिसरी तळाशी. नंतर नागमोडी रेषेत ते पत्र कापीत, म्हणजे कोणी खोटी प्रत पुढे केली तर कडा जुळत नसत. तळाची ती प्रत ‘फूट ऑफ फाइन’ म्हणून ओळखली जाते. लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात अशा प्रतींचा प्रचंड संग्रह आजही आहे. हा व्यवहार सहा शतकांहून अधिक काळ चालला आणि १८३३ च्या कायद्याने तो बंद करण्यात आला.

समेट म्हटला की त्यात पैसा येतोच. प्रकरण मिटविण्यासाठी जी रक्कम भरावयाची तिलाही ‘फाइन’ म्हणू लागले. हळूहळू समेटाची गोडी निघून गेली आणि अपराधाबद्दल शिक्षा म्हणून वसूल केलेली रक्कम एवढाच कडवट अर्थ मागे राहिला. ‘फायनान्स’ हा भारदस्त शब्दही याच कुटुंबातला. ऋण फेडून व्यवहाराचा शेवट करणे हा त्याचा मूळ भाव होता. आज मात्र अनेकांच्या बाबतीत ‘फायनान्स’ हा व्यवहाराचा शेवट न राहता हप्त्यांचा आरंभ ठरतो, हा काळाचा महिमा!

येथे एक बारकावा लक्षात ठेवणे इष्ट आहे. इंग्रजी ‘फाइन’ म्हणजे फक्त पैशाच्या रूपातील शिक्षा. आपल्या ‘दंड’ या शब्दाची व्याप्ती त्याहून मोठी आहे. ‘भारतीय दंड संहिता’ या नावातील दंड म्हणजे सर्व प्रकारची शिक्षा. म्हणूनच कायद्याच्या मराठीत पैशाच्या शिक्षेसाठी ‘द्रव्यदंड’ असा निराळा शब्द योजतात. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा ‘भारतीय न्याय संहिता’ या कायद्याने घेतली. तिच्यातील शिक्षांच्या यादीत मृत्युदंड, जन्मठेप, कारावास, मालमत्तेची जप्ती आणि द्रव्यदंड यांच्या जोडीला समाजसेवा ही नवी शिक्षा आली आहे. न्यायालयात ‘फाइन’ हा शब्द कानी पडला, तर तो यांपैकी द्रव्यदंडाविषयीच आहे हे पक्के समजावे.

कस लावलेले सोने

आता दुसऱ्या वाटेकडे वळू. जे शेवटापर्यंत शुद्ध केले ते ‘फाइन’, हा अर्थ सराफाच्या पेढीवर आजही वापरात आहे. आपण ज्याला सोन्याचा कस म्हणतो, त्यालाच इंग्रजीत ‘फाइननेस’ म्हणतात. तो हजार भागांत मोजतात. २२ कॅरेटच्या दागिन्यावर ९१६ हा आकडा असतो. त्याचा अर्थ असा की, दागिन्याच्या वजनाच्या हजार भागांपैकी ९१६ भाग शुद्ध सोने आणि उरलेला भाग इतर धातूंचा. १८ कॅरेटसाठी हा आकडा ७५० असतो. २३ जून २०२१ पासून देशात टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या नव्या दागिन्यावर अक्षरे व अंक मिळून सहा चिन्हांचा स्वतंत्र क्रमांक असणे बंधनकारक आहे. मुलीच्या लग्नासाठी आयुष्यभराची पुंजी खर्च करणाऱ्या पालकांनी ‘दागिना फाइन आहे’ या विक्रेत्याच्या शब्दांवर न थांबता हा आकडा आणि क्रमांक पाहून घ्यावा. बावनकशी सोने ओळखण्याची आपल्या पूर्वजांची कसोटी काळ्या दगडाची होती, आपली कसोटी भिंगाखालच्या सहा चिन्हांची आहे.

स्वयंपाकघरातील ‘रिफाइंड’ तेल हेही याच ‘फाइन’चे अपत्य होय. पुन्हा पुन्हा शुद्ध केलेले ते रिफाइंड.

बारीक गोष्टी, मोठे परिणाम

शुद्ध करावयाचे तर कुटावे, चाळावे, गाळावे लागते. उत्तम कारागिरी नाजूक असते. त्यामुळे ‘शुद्ध’ या अर्थाच्या कडेला ‘बारीक’ हा अर्थ येऊन बसला. मैदान असो वा इस्पितळ, हा अर्थ आपल्याला सर्वत्र भेटतो.

क्रिकेटमध्ये एका टोकाच्या यष्टीपासून दुसऱ्या टोकाच्या यष्टीपर्यंत सरळ रेषा कल्पून ती फलंदाजाच्या पाठीमागे वाढवावी. त्या रेषेशी लहान, म्हणजे निमुळता कोन करून उभा असलेला क्षेत्ररक्षक ‘फाइन’, आणि तिच्यापासून दूर, काटकोनाकडे सरकलेला तो ‘स्क्वेअर’. म्हणजे ‘फाइन लेग’ला उभा असलेला खेळाडू चांगला खेळतो असे नव्हे, तो कोठे उभा आहे एवढेच ते नाव सांगते.

वैद्यकीय भाषेत या अर्थाला अधिक महत्त्व येते. मानेत किंवा स्तनात गाठ आढळली की डॉक्टर अनेकदा ‘एफएनएसी’ ही तपासणी सुचवितात. त्यातील पहिले अक्षर ‘फाइन’चे. अतिशय बारीक सुईने गाठीतील थोड्या पेशी ओढून घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे, अशी ही साधी प्रक्रिया आहे. साधारणतः २२ ते २५ गेजची सुई वापरतात आणि गेजचा आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक. २५ गेजच्या सुईची जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर असते. सुईच्या नुसत्या नावाने घाबरून तपासणी पुढे ढकलणारे रुग्ण आढळतात. या एका शब्दाचा अर्थ कोणी मायेने समजावून सांगितला, तर त्यांची निम्मी भीती जाईल आणि निदान वेळेवर होईल.

हवेच्या प्रदूषणाच्या बातम्यांत ‘पीएम २.५’ असा उल्लेख येतो. या कणांना ‘फाइन पार्टिकल्स’ म्हणतात, म्हणजे २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी व्यासाचे सूक्ष्म कण. आपल्या केसाच्या जाडीच्या तुलनेत ते साधारण तिसाव्या हिश्श्याइतके. येथे तर ‘फाइन’ म्हणजे अधिक वाईट! मोठी धूळ नाका-घशात अडते, ही बारीक धूळ थेट फुप्फुसांच्या खोल भागात शिरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये तिची वार्षिक सरासरी मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम अशी सुचविली. भारताच्या २००९ च्या मानकात हीच मर्यादा ४० आहे.

आणि शेवटी ‘फाइन प्रिंट’. करारपत्राच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेल्या अटींना हे नाव आहे. छपाई सुबक आहे असा त्याचा अर्थ नाही. घर, कर्ज, विमा यांच्या कागदांत महत्त्वाचे अपवाद याच बारीक अक्षरांत दडलेले असतात. विम्यापुरती एक सोय कायद्याने दिलेली आहे. २०२४ च्या नियमांनुसार आयुर्विम्याची पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत ती वाचून, अटी मान्य नसल्यास परत करता येते. त्या ३० दिवसांत घरातील इंग्रजी जाणणाऱ्या मुलाला वा मुलीला शेजारी बसवून ती बारीक अक्षरे वाचून घेण्यात कसलाही कमीपणा नाही. उलट, इंग्रजी माध्यमाच्या शाळेसाठी आपण भरलेल्या फीचे ते पहिले व्याज समजावे.

“आय ॲम फाइन”

आता सर्वांत अधिक वापरला जाणारा आणि सर्वांत कमी सांगणारा अर्थ पाहू. शुद्ध, उत्कृष्ट अशा उंचीवरून निघालेला हा शब्द वापरून वापरून गुळगुळीत झाला आणि ‘ठीक’ या पातळीवर येऊन स्थिरावला. ‘फाइन आर्ट्स’मध्ये तो अजून उंचावर आहे. “हाउ आर यू?”च्या उत्तरात मात्र तो अगदी जमिनीवर आला आहे.

मानववंशशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लॉ मालिनोव्स्की यांनी १९२३ साली भाषेच्या एका विशेष कार्याकडे लक्ष वेधले. काही बोलणे माहिती देण्यासाठी नसते, केवळ माणसामाणसांतील नाते जागते ठेवण्यासाठी असते. “काय, जेवलात का?” असे वाटेत विचारणारा शेजारी आपल्या ताटातील पदार्थांची यादी मागत नसतो. “आय ॲम फाइन” हे उत्तर त्याच जातीचे. त्यात प्रकृतीचा अहवाल नसतो, ‘तुम्ही विचारलेत, आम्ही ऐकले’ एवढी पोच असते.

या वाक्याचे आणखी दोन उपयोग आहेत. इंग्रजी घरात कोणी चहा विचारला आणि पाहुणा “आय ॲम फाइन” म्हणाला, तर त्याचा अर्थ ‘मला नको’. परदेशी नोकरीस गेलेल्या आपल्या मुलामुलींना हे आरंभी उमगत नाही. आणि भांडणाच्या शेवटी कोणी एकाच शब्दात “फाइन!” असे तोडून बोलला, तर तो मान्यता देत नसून दार लावून घेत असतो. गंमत अशी की, येथे शब्द पुन्हा आपल्या मूळ अर्थाकडे, ‘शेवटा’कडे परततो.

अडचण होते ती घरच्या माणसांत. आखातात, कॅनडात, ऑस्ट्रेलियात गेलेली मुले आठवड्यातून एकदा फोन करतात. इकडे म्हाताऱ्या आईचा गुडघा सुजलेला असतो, वडिलांची झोप उडालेली असते. तिकडे मुलाची नोकरी डळमळीत झालेली असते. दोन्ही बाजूंनी उत्तर एकच, “फाइन.” कोणीही खोटे बोलत नसतो, दुसऱ्याला काळजी नको म्हणून प्रत्येकजण हा शब्द पुढे करतो. परंतु परक्या भाषेतील हा गुळगुळीत शब्द सत्य झाकण्यास फार सोयीचा असतो. आपल्या बोलीत आई “बरं आहे” म्हणते तेव्हा तिच्या स्वरावरून मुलाला निम्मे तरी कळते. “फाइन”मध्ये तो स्वरही हरवतो.

आपल्या भाषेचे वैभव

इतके सर्व वाचल्यावर इंग्रजी भाषाच विचित्र, असे कोणाला वाटू नये. आपली मराठी या बाबतीत तसूभरही मागे नाही. ‘दंड’ हाच शब्द घ्या. दंड म्हणजे काठी, दंड म्हणजे शिक्षा, दंड म्हणजे बाहूचा वरचा भाग, दंड म्हणजे तालमीतील व्यायाम. फाटक्या लुगड्याचे धड भाग जोडून शिवणे म्हणजे दंड घालणे. आणि काव्यात चरणाच्या वा श्लोकाच्या शेवटी जी उभी रेघ येते तिलाही दंडच म्हणतात. म्हणजे शिक्षा आणि शेवट हे दोन्ही अर्थ इंग्रजीत ‘फाइन’च्या घरी नांदले, तसेच आपल्याकडे ‘दंडा’च्या घरी!

‘फिनिस’चा खरा जुळा भाऊ मात्र आपला ‘अंत’. लॅटिनमध्ये ‘फिनिस’ म्हणजे सीमा आणि त्याचे अनेकवचन ‘फिनेस’ म्हणजे त्या सीमांच्या आतला प्रदेश. संस्कृतात ‘प्रांत’ म्हणजे कड, किनारा, आणि मराठीत त्याचाच अर्थ झाला प्रदेश. आपण रोज उच्चारतो त्या ‘धर्मप्रांत’ या शब्दातही हा अंत दडलेला आहे. इंग्रजीत ‘डिफाइन’ म्हणजे सीमा आखून अर्थ निश्चित करणे. आपला ‘सिद्धांत’ म्हणजे विचाराच्या अंती सिद्ध झालेले मत. ‘इन्फिनिट’ म्हणजे अनंत, हे तर शब्दशः जुळते. आणि ‘अत्यंत’ म्हणजे अंताच्याही पलीकडे गेलेले.

‘बरा’ या शब्दाने तर ‘फाइन’चीच वाट धरली आहे. गोव्याच्या कोकणीत ‘बरें’ म्हणजे चांगले. तेथील ख्रिस्ती बांधव आभार मानताना “देव बरें करूं” असे म्हणतात, तेव्हा ते देवाकडे जेमतेम भले मागत नाहीत, संपूर्ण कल्याण मागतात. आपल्या मराठीत मात्र “नाटक बरे होते” म्हटले की ऐकणारा तिकीट काढत नाही. तरीही ‘आजारातून बरा झाला’ म्हणताना तोच शब्द पुन्हा आपल्या पूर्ण अर्थाने उभा राहतो. चांगल्या शब्दांची झीज सर्वच भाषांत होते. त्यांत पुन्हा प्राण भरणे बोलणाऱ्याच्या हाती असते.

म्हणून वाचकांना आमची दोन साधी निवेदने आहेत. पहिले असे की, मुलांकडून इंग्रजी शब्दांचा अर्थ विचारण्यास वडीलधाऱ्यांनी लाजू नये, आणि मुलांनीही आजी-आजोबांकडून ‘दंड’, ‘कस’, ‘बरा’ अशा शब्दांचे अर्थ विचारून घ्यावेत. एका शब्दासाठी दोन पिढ्या दहा मिनिटे शेजारी बसल्या, तर त्यात दोघांचाही लाभ आहे. दुसरे निवेदन असे की, पुढच्या वेळी फोनवर “आय ॲम फाइन” ऐकू आले की तेथेच थांबू नये. “गुडघा कसा आहे?”, “रात्री झोप लागते का?”, “पगार वेळेवर होतो का?” असा एक नेमका प्रश्न आपल्या बोलीत विचारावा, आणि उत्तर येईपर्यंत वाट पाहावी.